टक्का वाढला, पण कुणाचा? मतदानाचा उत्साह आणि निकाल

माणगंगा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मतदान संपलं की रात्री बातम्यांमध्ये एक प्रश्न हमखास येतो: 'टक्का वाढला, आता धक्का कुणाला?' मग कुणी सांगतं की जास्त मतदान म्हणजे सरकारविरोधी लाट, तर दुसरा म्हणतो जास्त मतदान म्हणजे सरकारवर विश्वास. दोघंही तितक्याच ठामपणे बोलतात. गेली पंधरा वर्षं मी गावाकडे मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेरच्या चिठ्ठ्यांच्या टेबलावर बसतो. (कोणत्या पक्षाच्या ते सांगत नाही, इथे त्याची गरज नाही.) तिथून जे दिसतं ते या दोन्ही वाक्यांत बसत नाही, म्हणून हा धागा.

ताजं उदाहरण आपलंच आहे. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात मतदान झालं ६१ टक्क्यांच्या थोडं वर. महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० जागा, महायुतीला १७ आणि सांगलीत अपक्ष एक. मतांच्या टक्क्यात मात्र दोन्ही बाजूंमध्ये अर्ध्या टक्क्याचंही अंतर नव्हतं. सहा महिन्यांनी, २० नोव्हेंबरला, विधानसभेचं मतदान झालं. टक्का ६६.०५ वर गेला, १९९५ नंतरचा सगळ्यात जास्त. निकाल पार उलटा: भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१, आणि आघाडीचे तिन्ही पक्ष मिळून ४६. राज्य तेच, गावं तीच, मधे एक पावसाळा गेला फक्त.

आता माझं म्हणणं एका हिशोबातून मांडतो. हा हिशोब कल्पित आहे, पण वही घेऊन करून बघा.

समजा एका मतदारसंघात तीन लाख मतदार आहेत. त्यातले १ लाख ६५ हजार मनाने 'अ' कडे आणि १ लाख ३५ हजार 'ब' कडे. म्हणजे 'अ' ची बाजू चांगली ५५ टक्के. पण 'अ' वाले जरा निवांत आहेत, त्यांच्यातले ५५ टक्केच बाहेर पडले. 'ब' वाले पेटून उठलेत, त्यांचे ७० टक्के आले. 'अ' ला मिळाली ९०,७५० मतं आणि 'ब' ला ९४,५००. 'ब' ३,७५० ने निवडून आला. एकूण मतदान पावणेबासष्ट टक्के.

सहा महिन्यांनी तोच मतदारसंघ. कुणाचंही मत बदललेलं नाही, एकाचंही नाही. फक्त 'अ' वाले खडबडून जागे झाले आणि दोन्हीकडचे ६५ टक्के आले. आता 'अ' ला १,०७,२५० आणि 'ब' ला ८७,७५०. 'अ' साडेएकोणीस हजारांनी विजयी. एकूण टक्का वाढला फक्त सव्वातीनने.

बाहेरून बघणारा म्हणेल, 'लोकांचं मत फिरलं.' मत कुठे फिरलं? माणसं उठून आली, एवढंच.

टेबलावर बसल्यावर हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. मागच्या विधानसभेला दुपारी दोनच्या सुमारास आमच्या यादीत एका वस्तीवरच्या अकरा नावांपुढे काहीच खूण नव्हती. सकाळपासून एकजण चिठ्ठी न्यायला आला नव्हता. आमच्यातला एक पोरगा मोटारसायकल काढून गेला. अकरापैकी आठ जण शेजारच्या गावात डाळिंबाच्या बागेत कामाला गेलेले. रुसवा नव्हता, बहिष्कार नव्हता. मजुरी बुडू नये एवढंच. बागवाल्याला सांगितलं की मतदानाची सुट्टी रोजंदारीवाल्यालाही भरपगारी असते, तसा कायदाच आहे. तो समंजस निघाला. साडेचारला आठही जण रांगेत होते, बायकांच्या हाताला मातीचा वास तसाच. ती आठ मतं कुणाला गेली ते मला माहीत नाही. पण तो पोरगा गेला नसता तर ती पडलीच नसती, हे मला पक्कं माहीत आहे.

तुमच्या भागात काय दिसलं ते लिहा. कोण चांगलं, कोण वाईट हा वाद इथे नको, तो दुसरीकडे भरपूर चालू आहे.

---

वैदेही_ठाणे

चांगला विषय. मी बायकांच्या रांगेबद्दल लिहिते.

विधानसभेला राज्यात महिलांचं मतदान ६५ टक्क्यांच्या वर गेलं. २०१९ ला ते ५९ च्या आसपास होतं. पुरुषांचा टक्काही वाढला, पण बायकांची उडी मोठी. ऑगस्टपासून लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये खात्यात येऊ लागले होते आणि लाभार्थींची संख्या दोन कोटींच्या पुढे होती. हे दोन आकडे शेजारी ठेवले की सगळे लगेच निष्कर्ष काढतात की पैसे मिळाले म्हणून मत दिलं. मला हे अपुरं वाटतं.

माझ्याकडे घरकामाला येणाऱ्या ताईंचं सांगते. त्यांचं आधी बँकेत खातंच नव्हतं, होतं ते नवऱ्याचं. योजनेसाठी त्यांनी स्वतःचं खातं काढलं, आधार जोडलं, त्यासाठी चार दिवस रांगा लावल्या. पहिला हप्ता आल्याचा मेसेज मलाच वाचून दाखवायला लावला, दोनदा. मतदानाच्या दिवशी त्या सकाळी सातला रांगेत होत्या, गल्लीतल्या इतर सहाजणींना घेऊन. याआधी त्या नवरा नेईल तेव्हा जायच्या. कुणाला मत दिलं ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पण 'सरकारदरबारी माझं नाव आहे' ही जाणीव त्यांना घराबाहेर घेऊन आली, हे मी पाहिलं.

त्यामुळे तुमच्या हिशोबातला 'जागा होणारा' मतदार अनेक ठिकाणी बाई होती, असं मला वाटतं.

---

आकडेमोड

धागा आवडला, पण हिशोबावर एक आक्षेप आहे आणि तो मोठा आहे.

तुमच्या उदाहरणात 'कुणाचंही मत बदललं नाही' हे गृहीत आहे. प्रत्यक्ष महाराष्ट्राचे आकडे ते मान्य करत नाहीत. ढोबळ बघू. लोकसभेला साधारण पावणेसहा कोटी मतं पडली, विधानसभेला सुमारे ६ कोटी ४० लाख. आघाडीचा टक्का लोकसभेला ४४ च्या जवळ होता, म्हणजे अडीच कोटींच्या आसपास मतं. विधानसभेला त्यांच्या तीन मुख्य पक्षांना मिळून साधारण ३४ टक्के, म्हणजे जेमतेम २ कोटी १५-२० लाख. तिकडे महायुतीचे तीन पक्ष अडीच कोटींवरून तीन कोटींच्या पुढे गेले.

फक्त महायुतीवाले जागे झाले असते, तर आघाडीची मतं जागच्या जागी राहिली असती आणि महायुतीची वाढली असती. इथे एकीकडची मतं प्रत्यक्षात तीसेक लाखांनी कमी झाली. एकूण मतदान वाढत असताना मतं कमी होणं म्हणजे काही मतदार घरी बसले, काही बंडखोर-अपक्षांकडे गेले आणि काहींनी सरळ बाजू बदलली. तिन्ही गोष्टी झाल्या. कोणती किती, ते नुसत्या बेरजेतून निघत नाही.

---

माणगंगा (धागाकर्ता)

@आकडेमोड, आक्षेप मान्य. माझा हिशोब मुद्दाम सोपा केलेला आहे आणि पूर्ण महाराष्ट्राला तो तसाच लावला तर चूक होईल. मला इतकंच दाखवायचं होतं की मत न बदलताही निकाल बदलू शकतो. बदलला तो केवळ त्यामुळेच, असं माझं म्हणणं नाही. लोकसभेला कांद्याचा आणि सोयाबीनच्या भावाचा राग होता, संविधानाची चर्चा घराघरात होती. नोव्हेंबरपर्यंत त्यातलं बरंच मागे पडलं. तुम्ही म्हणता ते 'घरी बसलेले' मला जास्त महत्त्वाचे वाटतात. लोकसभा जिंकल्यावर 'आता काय, आपलंच आहे' हे मी आमच्याच तालुक्यात कितीतरी तोंडून ऐकलं. ते बोलणारा माणूस बाजू बदलत नाही, तो फक्त दुपारी जेवून आडवा होतो.

@वैदेही_ठाणे, ताईंचा प्रसंग वाचून टेबलावरच्या बायका डोळ्यासमोर आल्या. आमच्याकडेही चिठ्ठी मागताना 'माझं नाव बघा' असं म्हणणाऱ्या वाढल्यात. पूर्वी म्हणायच्या, 'आमच्या मालकांचं नाव बघा, त्याच्याखाली असंल.'

---

अमृता_एफवाय

मी पहिल्यांदाच लिहितेय इथे, वय १९. एक साधा प्रश्न आहे. आमच्या राज्यशास्त्राच्या तासाला सांगितलं की जास्त मतदान म्हणजे सत्ताबदल. हे खरंच आहे का? परीक्षेत काय लिहू?

---

आकडेमोड

@अमृता_एफवाय, परीक्षेत शिक्षकांनी सांगितलं ते लिहून खाली पुढची उदाहरणं जोड.

बाजूने: १९७१ च्या लोकसभेला देशात ५५ टक्के मतदान होतं, १९७७ ला ६० च्या वर गेलं आणि काँग्रेस केंद्रातून पहिल्यांदा गेली. महाराष्ट्रात १९९५ ला जवळपास ७२ टक्के, आणि मनोहर जोशींचं युती सरकार आलं.

विरुद्ध: १९८४ ला टक्का ६४ च्या आसपास, म्हणजे १९७७ पेक्षाही जास्त, आणि सत्तेतल्याच काँग्रेसला चारशेच्या वर जागा. २०१९ ला तोपर्यंतचं लोकसभेचं विक्रमी मतदान, ६७.४ टक्के, आणि सरकार तेच राहिलं. बिहारमध्ये २००५ च्या अखेरीस ४६ टक्के होतं, २०१० ला ते ५२ च्या वर गेलं आणि नितीश कुमारांची आघाडी २४३ पैकी २०६ जागा घेऊन परत आली. २०२५ ला तिथे ६७ टक्क्यांच्या जवळ मतदान झालं, बायकांचा टक्का पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होता, आणि सत्तेतल्या आघाडीला पुन्हा दोनशेच्या वर जागा मिळाल्या.

आणि पश्चिम बंगाल बघ. तिथे २००६ ला ८२ टक्के मतदान झालं आणि डाव्यांनी २३५ जागा जिंकल्या. २०११ ला ८४ टक्के, आणि ३४ वर्षांचं डावं सरकार गेलं. टक्का दोन्ही वेळा प्रचंडच. रांगेत उभं राहून लोक काय विचार करत होते ते टक्क्यात दिसत नाही.

---

वैदेही_ठाणे

बिहारबद्दल एक भर. तिथे २००६ पासून पंचायतींत महिलांना ५० टक्के आरक्षण मिळालं आणि त्याच सुमाराला शाळकरी मुलींना सायकली मिळू लागल्या. त्या मुली आज पंचविशी-तिशीत आहेत. मतदानाचा उत्साह महिनाभराच्या प्रचारात तयार होतो असं वाटतं, पण काही वेळा त्याचं बी वीस वर्षं आधी पेरलेलं असतं.

---

गिरगावकर

मुंबईकडून थोडं.

लोकसभेचं मतदान आमच्याकडे २० मे ला होतं, सोमवारी. शनिवार-रविवार जोडून सुट्टी, शाळा बंद, वर तो उकाडा. आमच्या चाळीतली अर्धी बिऱ्हाडं कोकणात. विधानसभेला आयोगाने मुद्दाम बुधवार निवडला, जोडसुट्टी घेऊन शहरी मतदार पळू नये म्हणून. थोडा फरक पडला, पण कुलाब्यात तरी ४४ टक्केच मतदान झालं, आणि त्याच दिवशी कोल्हापूरच्या करवीरला जवळपास ८५. दोन्ही ठिकाणं एकाच राज्यात, एकाच दिवशी. माझ्या शहराबद्दल हे लिहिताना वाईट वाटतं.

आता ज्यांना 'माझ्या एका मताने काय होणार' असं वाटतं त्यांच्यासाठी. २०१७ ची महापालिका निवडणूक, आमच्या गिरगावातला प्रभाग २२०. शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शाह. फेरमोजणी झाली तरी दोघांना बरोबर ५,९४६ मतं. शेवटी चिठ्ठी टाकून निकाल लागला, एका लहान मुलीने चिठ्ठी उचलली आणि शाह नगरसेवक झाले. आमच्या मजल्यावर त्या दिवशी चार जण मतदानाला गेले नव्हते. एकाला लग्नाचं आमंत्रण होतं, एकाला कंटाळा आला होता. निकालानंतर कित्येक दिवस ते जिन्यात भेटले की विषय काढायचे नाहीत.

त्या वर्षी सेनेला ८४ आणि भाजपला ८२ जागा होत्या. म्हणजे एका प्रभागाची किंमत किती, ते लक्षात घ्या.

---

माणगंगा (धागाकर्ता)

@गिरगावकर, यात मुंबई वायव्यची भर घालतो. २०२४ च्या लोकसभेला रवींद्र वायकर ४८ मतांनी जिंकले. त्या मतदारसंघात सात लाखांहून जास्त नोंदवलेले मतदार केंद्रापर्यंत आलेच नाहीत. अठ्ठेचाळीस म्हणजे एका मध्यम आकाराच्या इमारतीतले मतदार.

विधानसभेतही तेच. बेलापूर ३७७ मतांनी, साकोली २०८, मालेगाव मध्य १६२.

---

खानदेशी_माती

मालेगावचं नाव निघालं म्हणून लिहितो. आमचा धुळे लोकसभा मतदारसंघ या विषयाचं सगळ्यात बोलकं उदाहरण आहे.

सहा विधानसभा क्षेत्रं. २०२४ ला पाच क्षेत्रांत मिळून भाजपचे सुभाष भामरे मोठ्या आघाडीवर होते. सहाव्या, मालेगाव मध्यमध्ये, काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना एक लाख नव्वद हजारांच्या पुढे आघाडी मिळाली आणि त्या ३,८३१ मतांनी निवडून आल्या. निकालानंतर यावर फार कडवट बोललं गेलं. जातीधर्माच्या चष्म्यातून बघणारे बघोत. मी मतदानाच्या दिवशी मालेगावात कामानिमित्त होतो, मे महिन्याचं ऊन डोक्यावर आणि यंत्रमागांचा आवाज बंद. ज्या गल्लीत तो आवाज रात्रीही थांबत नाही तिथे त्या दिवशी शांतता होती, कारण सगळे रांगेत. म्हाताऱ्या बायकांना नातू हात धरून आणत होते. आपलं काहीतरी पणाला लागलंय असं ज्याला वाटतं तो असाच मतदान करतो, मग तो कुणीही असो.

आणि पुढचं बघा. विधानसभेला त्याच मालेगाव मध्यमध्ये दोन स्थानिक उमेदवारांत लढत झाली आणि निकाल १६२ मतांनी लागला. सहा महिन्यांपूर्वी एकगठ्ठा वाटणारी वस्ती बरोबर मधोमध विभागली गेली. ज्यांना 'ते सगळे एकच' वाटतं त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

---

बालाघाट

बीडहून लिहितोय. आमच्याकडे मतदानाचा टक्का ऊस ठरवतो.

उसतोडीला जाणारी माणसं दिवाळी झाली की निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, ती फेडायची तर टोळीबरोबर जावंच लागतं, मग कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी थेट कर्नाटकात. लोकसभेचं मतदान १३ मे ला होतं तेव्हा हंगाम संपून सगळी माणसं गावात होती. बीडमध्ये ७१ टक्क्यांच्या आसपास मतदान झालं, दोन्ही बाजूंचा माणूस न् माणूस बाहेर पडला, आणि बजरंग सोनवणे पंकजा मुंडेंविरुद्ध ६,५५३ मतांनी जिंकले. एवढ्या मोठ्या मतदारसंघात हा फरक म्हणजे काहीच नाही.

विधानसभेला मतदान २० नोव्हेंबरला आणि गाळप हंगाम सुरू करायचा ठरला १५ नोव्हेंबरला. पाच दिवसांचा फरक. आमच्या तांड्यावर काही टोळ्या थांबल्या, काही आधीच गेल्या. माझा चुलतभाऊ कारखान्याच्या तळावर पोहोचला होता, कोपी (राहायची झोपडी) बांधून झाली होती. त्याने मुकादमाला म्हटलं, मतदान करून येतो. मुकादम म्हणाला, जाऊन-येऊन दोन दिवस मोडतील, ते कोण भरून देणार? तो आला नाही. त्याला निवडणुकीत रस नव्हता असं नाही. रोज संध्याकाळी फोन करून 'कुणाची हवा हाय' म्हणून विचारायचा.

म्हणून 'उत्साह नाही' हा शब्द वापरताना जरा जपून. शहरातला माणूस सुट्टी असून जात नाही आणि आमचा माणूस इच्छा असून येऊ शकत नाही. टक्केवारीत दोघं एकाच रकान्यात पडतात.

---

माणगंगा (धागाकर्ता)

@बालाघाट, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. दोन वेळा वाचलं. डाळिंबाच्या बागेतल्या आठ जणांची सोय अर्ध्या दिवसात झाली, कारण बाग शेजारच्या गावात होती. ती बाग दोनशे किलोमीटरवर असती तर मी काय केलं असतं?

---

शाळामास्तर

मी जिल्हा परिषद शिक्षक. आजवर सहा निवडणुकांत केंद्राध्यक्ष म्हणून काम केलंय. आतली बाजू सांगतो.

पहाटे साडेपाचला आम्ही उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर चाचणी मतदान घेतो, किमान ५० मतं, मग ती पुसून यंत्र सीलबंद करतो. सातला पहिला मतदार. आमच्याकडे पहिल्या दोन तासांत कोण येतं त्यावरून दिवसाचा अंदाज बांधता येतो. सातच्या ठोक्याला म्हातारी माणसं असतात, धुतलेले कपडे, टोपी, हातात ओळखपत्र प्लास्टिकच्या पिशवीत. ती प्रत्येक वेळी येतातच. नऊपर्यंत तरुण पोरं आणि नव्या सुना दिसायला लागल्या की समजायचं, आज गर्दी होणार.

आता तो संध्याकाळचा प्रश्न, जो कुणीतरी काढणारच. विधानसभेला पाच वाजेपर्यंत ५८.२२ टक्के होते आणि अंतिम आकडा ६६.०५ झाला, त्यावर विरोधी पक्षांनी शंका घेतल्या. लोकसभेनंतर मतदार यादी सुमारे ४० लाखांनी वाढून ९ कोटी ७० लाखांवर गेली, त्यावरही. आयोगाने आपली बाजू मांडली आणि तो वाद अजून चालू आहे. मी सगळ्या राज्याचं बोलू शकत नाही. माझ्या केंद्रावरचं सांगू शकतो. सहाला दरवाजा बंद होतो, पण रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला मतदानाचा हक्क असतो. आम्ही सही केलेल्या चिठ्ठ्या वाटतो आणि त्या वाटायला सुरुवात रांगेच्या शेपटाकडून करतो, म्हणजे मागून नवा माणूस घुसू नये. त्या दिवशी माझ्याकडे सहा वाजता ७० च्या वर माणसं उभी होती. शेवटचं मत पावणेआठला पडलं. दर दोन तासांनी वर कळवलेला आकडा तेव्हा फोनवर दिलेला ढोबळ असायचा, अंतिम हिशोब १७-क मध्ये (केंद्रावर पडलेल्या मतांच्या नोंदीचा फॉर्म) येतो आणि त्याची प्रत हजर असलेल्या प्रत्येक मतदान प्रतिनिधीला देतो.

शंका असणाऱ्यांना माझं एकच सांगणं असतं: तुमचा प्रतिनिधी केंद्रात शेवटपर्यंत बसवा आणि १७-क घेतल्याशिवाय उठू देऊ नका. मी अशी केंद्रं पाहिली आहेत जिथे संध्याकाळी प्रत घ्यायला कुणी नव्हतं. दुपारच्या जेवणाला गेलेला प्रतिनिधी परतलाच नाही. कार्यकर्त्यांचा उत्साह मोजायचा असेल तर तो इथे मोजावा.

---

आकडेमोड

@शाळामास्तर, शेपटाकडून चिठ्ठ्या वाटायच्या हे माहीत नव्हतं. धन्यवाद. शंकांची उत्तरं केंद्रनिहाय आकडे सगळ्यांना सहज वाचता येतील अशा स्वरूपात मिळाले तरच मिळतील, असं माझं मत आहे. पण तो वेगळा धागा.

---

मांडवीकाठ

गोव्यातून. आमच्याकडे विधानसभा मतदारसंघात मतदार असतात जेमतेम तीस हजारांच्या आसपास. उमेदवार प्रत्येक घरात जातो, आणि गेला नाही तर ते पाच वर्षं लक्षात ठेवतात. २०२२ ला मतदान ७९ टक्क्यांच्या वर होतं आणि तरीही आमच्याकडे ते भरमसाट मानलं जात नाही, कारण २०१७ ला ८२ च्या पुढे होतं. सांत आंद्रेत ७६ मतांनी निकाल लागला, प्रियोळात २१३, आणि साखळीत खुद्द मुख्यमंत्री ६६६ मतांनी आले.

इतक्या लहान मतदारसंघात उत्साह वगैरे मोठे शब्द लागत नाहीत. मुंबईला नोकरीला असलेली दोन भावंडं मतदानाला आली की नाही, यावर चर्चा होते. माझी मावशी दर निवडणुकीला आम्हा सगळ्या भाचरांना फोन करते. 'येयात रे' एवढंच म्हणते. कुणाला मत द्या ते सांगत नाही. आम्ही बसने रात्रभर प्रवास करून जातो.

---

यारा_काठचा

मेलबर्नहून. इथे मतदान सक्तीचं आहे. १९२२ च्या निवडणुकीत साठ टक्केही लोक आले नव्हते, म्हणून १९२४ ला कायदा झाला आणि १९२५ ला टक्का एकदम ९१ च्या पुढे गेला. तेव्हापासून नव्वदच्या आसपासच राहतो. न गेल्यास संघराज्याच्या निवडणुकीत २० डॉलर दंड. मतदान शनिवारी, शाळेच्या अंगणात, बाहेर सॉसेज भाजत असतात, लोक मुलांना घेऊन येतात. जत्रेसारखं वाटतं.

इथे आल्यावर एक फरक लक्षात आला. सगळेच येणार हे माहीत असल्याने पक्षांना 'आपला माणूस बाहेर काढा' ही धडपड करावी लागत नाही. सगळी ताकद कुंपणावरच्या मतदारांवर. माणगंगांच्या हिशोबातला 'कोण किती पेटलंय' हा भागच पुसला जातो. आपल्याकडे सक्ती असावी असं मला पूर्वी वाटायचं. @बालाघाट यांचा प्रतिसाद वाचून डळमळलोय. त्यांच्या चुलतभावाला आपण दंड लावणार का? आधी त्याला तळावर मतदान करता येईल अशी सोय हवी.

---

बालाघाट

@यारा_काठचा, हेच. सैनिकाला टपाली मत आहे, निवडणूक ड्युटीवरच्या कर्मचाऱ्याला आहे, ८५ वर्षांवरच्यांना घरून मत देता येतं. आमच्या माणसालाही काहीतरी द्या. मुकादमाच्या वहीत त्याचं नाव, गाव, कारखाना, सगळं लिहिलेलं असतं. वहीत सापडतो तो, फक्त मतदानालाच सापडत नाही.

---

माणगंगा (धागाकर्ता)

खरं सांगायचं तर धागा काढताना माझ्या डोक्यात फक्त 'पेटलेला' आणि 'निवांत' असे दोनच मतदार होते. @बालाघाट यांनी तिसरा दाखवला. पुढच्या वेळी टेबलावर खूण नसलेलं नाव दिसलं की तो निवांत आहे की लांब आहे, हे आधी विचारीन. आमच्या तालुक्यातूनही मेंढपाळ बाहेर असतात, गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) कामाला माणसं थेट तमिळनाडू-केरळपर्यंत जातात. त्यांची नावं यादीत वर्षानुवर्षं आहेत आणि पुढचा रकाना कोराच असतो. आम्ही ती नावं 'बाहेरगावी' म्हणून गाळूनच हिशोब धरतो. लिहिताना लक्षात आलं की हे आम्ही किती सहज करतो.

---

अमृता_एफवाय

सगळं वाचलं. परीक्षेत बंगालचं उदाहरण लिहिणार आहे.

एक विचारायचं होतं. माझी नोंदणी अजून झालेली नाही. मी शिकायला नाशिकला आहे, घर सिन्नरकडे. कुठे करायची?

---

शाळामास्तर

@अमृता_एफवाय, फॉर्म ६ भर, मोबाईलवरूनही भरता येतो. विद्यार्थ्यांना वसतिगृहाच्या पत्त्यावर किंवा घरच्या पत्त्यावर, दोन्हींपैकी एकाच ठिकाणी नाव लावता येतं. मतदानाच्या दिवशी तू खरोखर कुठे असशील ते बघून ठरव. आता वर्षातून चार तारखा धरतात, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची एक तारीख, त्यामुळे थांबायचं कारण नाही. यादी आली की नाव स्वतः वाचून बघ. आडनावाची वेलांटी, वडिलांचं नाव, वय, सगळं.

---

अमृता_एफवाय

भरला फॉर्म, घरच्या पत्त्यावर. सिन्नरची बस तासाभराची आहे, जाईन मी.

आईला फोन करून तिचंही नाव बघायला सांगितलं. यादीत ती अजून माहेरच्या नावाने आणि आजोळच्या गावात आहे. लग्नाला बावीस वर्षं झाली. म्हणाली, 'म्हणूनच मला कधी चिठ्ठी आली नाही, मला वाटलं माझं नावच नाही.' बावीस वर्षांत तिने एकदाही मतदान केलेलं नाही. यासाठी कोणता फॉर्म?

---

शाळामास्तर

फॉर्म ८. पत्ता बदल आणि दुरुस्ती दोन्ही त्यातच होतं. तुमच्या गावच्या बीएलओंकडेही (मतदार यादीचं काम बघणारे) देता येईल, बहुधा अंगणवाडीताई किंवा आमच्यासारखं कुणीतरी शिक्षक असेल. आईला म्हणावं, लग्नाचा दाखला आणि आधार काढून ठेवा.

---

वैदेही_ठाणे

@अमृता_एफवाय, आईचं नाव आलं की इथे कळव.